खर्जाचे घर

वॅटचा आकडा पाहून बेस गिटारसाठी कॅबिनेट घेणारा वादक सहज फसतो. तिच्या सर्वांत जाड तारेचा खर्ज सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. स्पीकरचा पडदा पुढची हवा ढकलताना मागची ओढतो. या दोन लहरी भेटल्या की खर्ज विरतो. बंद खोके मागची लहर कोंडते. झरोक्याचे खोके ती कामाला लावते. पण झरोक्याच्या ठरलेल्या सुराखाली आवाज झपाट्याने घसरतो. १९६९च्या सुमारास अँपेगने दहा इंची आठ स्पीकर बंद खोक्यात बसवले: लहान पडदे मिळून भरपूर हवा हलवतात. वॅट दुप्पट केल्यास वाढ जेमतेम तीन डेसिबल. ओहम मात्र तपासावेतच. आठ ओहमची दोन खोकी समांतर जोडली की चार ओहम होतात, भार वाढतो. अॅम्प्लिफायरला तो पेलत नसेल, तर तोच जळू शकतो.