गावात घंटागाडी नाही, मग घरातलं प्लास्टिक जातं कुठं? सुरुवात करा लेकरांच्या खाऊपासून

शहरात सकाळी घंटागाडी दारात येते आणि कचरा घेऊन जाते. आपल्याकडं बऱ्याच गावांत, वाड्या-वस्त्यांवर अजून ही सोय नाही. त्यामुळं घरात आलेलं प्लास्टिक तीनच ठिकाणी जातं. चुलीत, ओढ्यात, नाहीतर उकिरड्यावर. चुलीत गेलं तर धूर घरातल्यांच्याच नाकातोंडात. ओढ्यात गेलं तर पावसाळ्यात मोरीच्या नळ्या तुंबतात. उकिरड्यावर गेलं तर शेणखताच्या ट्रॉलीतून ते आपल्याच रानात येतं. शेणखत पांगवताना पुड्या, पिशव्या वेचत बसायची वेळ प्रत्येक शेतकऱ्यावर आली आहे.

म्हणजे एकदा आत आलेलं प्लास्टिक बाहेर काढणं अवघड आहे. दारातच अडवणं सोपं. आणि ज्या घरात लहान लेकरं आहेत, तिथं ते सगळ्यात जास्त लेकरांच्या निमित्तानं येतं.

पाच रुपयांच्या पुडीचा हिशोब

घरात दोन मुलं आहेत आणि दोघांना रोज पाच रुपयांची एकेक वेफर्सची पुडी लागते, असं धरा. वर्षाला ७३० पुड्या आणि ३,६५० रुपये. पुडी आतून चकचकीत दिसते, कारण तिच्यात प्लास्टिकचे दोन-तीन थर असतात आणि बऱ्याचदा त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. हे थर वेगळे करणं परवडत नाही. म्हणूनच भंगारवाला बाटली घेतो, बादली घेतो, पण पुडीला हात लावत नाही.

लेकराचा खाऊ एकदम बंद करून चालत नाही, ते रडून घर डोक्यावर घेतं. त्यापेक्षा वार ठरवून द्या. पुडी फक्त बाजाराच्या दिवशी. बाकीचे दिवस भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, चिरमुऱ्यांचा चिवडा, गूळ-शेंगदाण्याचा लाडू. हे किलोवर आणायचं, जाताना घरचा डबा किंवा कापडी पिशवी न्यायची. लाडू वळायला लेकरांनाच बसवा. स्वतः केलेलं ती आवडीनं खातात.

तान्हं बाळ असेल तर

डायपर वरून कापसासारखा मऊ दिसतो, पण त्याचं बाहेरचं अस्तर प्लास्टिकचं असतं आणि आत पाणी शोषणारी भुकटी असते. उकिरड्यात तो कुजत नाही. घरी असताना जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे लंगोट वापरा, डायपर प्रवासापुरता किंवा दवाखान्यात जाण्यापुरता ठेवा. खर्चही कमी होतो.

दुधाच्या बाटलीचंही तसंच. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं आणि वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर वाटी-चमच्यानं द्यावं, असं डॉक्टर सांगतात. बाटली नीट उकळली नाही तर बाळाला जुलाब लागतात. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे.

शाळेची खरेदी

जूनमध्ये रंगीत डबा आणि पाण्याची बाटली घेतली की दिवाळीपर्यंत झाकण तुटतं. स्टीलचा डबा आणि स्टीलची बाटली एकदाच जास्त पैसे घालून घ्या. मोठ्याची झाली की धाकट्याला चालते. गरम भाजी, गरम पाणी प्लास्टिकमध्ये भरू नका. विकतच्या पाण्याची बाटली पुन्हा पुन्हा भरून शाळेत देऊ नका. वह्या-पुस्तकांना खाकी कागदाचं किंवा जुन्या कॅलेंडरचं कव्हर घाला.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला प्लास्टिकचे झेंडे घेऊ नका. दुसऱ्या दिवशी ते रस्त्यावर पडलेले असतात, आणि त्यांच्यावर बंदीही आहे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. पहिल्यांदा सापडल्यास ५ हजार रुपये दंड आहे. १ जुलै २०२२ पासून देशभरात प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, फुग्याच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल यांवर बंदी आली. म्हणजे लेकराच्या वाढदिवसाला जे सामान आपण तालुक्याहून आणतो, त्यातलं बरंचसं बंदीतलं आहे. पळसाच्या पत्रावळ्या, घरचे स्टीलचे पेले आणि झेंडूच्या माळा यांत वाढदिवस झकास होतो.

जाळू नका, गुरांपुढं टाकू नका

पुड्या, पिशव्या चुलीत घातल्या की विषारी धूर होतो. चुलीजवळ आई असते आणि तिच्याजवळ लेकरं खेळत असतात. त्यांच्याच छातीत तो जातो. पाणी तापवायच्या बंबालाही हेच लागू.

भाजीचे देठ, शिळी भाकरी पिशवीत गाठ मारून फेकली तर गाय पिशवीसकट खाते. ती पिशवी कोठीपोटात अडकून बसते, शेणावाटे पडत नाही. साठत गेली की गायीचं पोट फुगतं, चारा कमी होतो, दूध आटतं. शेवटी पोट फाडून ती काढावी लागते, नाहीतर जनावर दगावतं.

तरीही आलंच तर

तेलाची, दुधाची पिशवी टाळता येत नाही. त्यासाठी पडवीत एक रिकामी गोणी टांगा. पिशवी धुवायची, वाळवायची, गोणीत टाकायची. हे काम लेकरांकडं द्या. भंगारवाला जे घेईल त्याचे पैसे त्यांनाच ठेवू द्या. ओला कचरा मात्र वेगळा, तो उकिरड्यावर किंवा गांडूळ खताच्या टाकीत.

२०१६ च्या नियमांनुसार गावातल्या प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र उभारण्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधीची तरतूद आहे. येत्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे? आणि आपल्या गावातलं प्लास्टिक तिथं कोण आणि कधी नेणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. तोपर्यंत बाजाराला निघताना कापडी पिशवी गाडीच्या हँडलला अडकवायला विसरू नका.