सरकीच्या दाण्याची पारख : प्रथिनें विलग करण्याच्या निरनिराळ्या रीती

गेल्या हंगामांत हुडकेश्वर येथील एका शेतकरीबंधूनें प्रश्न केला : “एकाच पिशवींतील सरकी एकाच वावरांत टोबली. कांहीं झाडें डौलदार झालीं, कांहीं अगदींच निराळीं निघालीं. बीं भेसळीचें होतें हें आतां सिद्ध कसें करावें ?” हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हे. संकरित सरकीचा दाणा व साधा दाणा यांतील भेद नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं. तो ओळखण्याची एक शास्त्रीय वाट दाण्यांतील प्रथिनांतून जाते, ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

सुरत येथें डॉ. सी. टी. पटेल यांनीं १९७० सालीं एच-४ हा संकरित कापूस प्रसृत केला. असें बीं तयार करतांना बहुधा मादी वाणाच्या फुलांतील पुंकेसर हातानें काढून त्यावर नर वाणाचा पराग घालावा लागतो. या कामीं हयगय झाली कीं मादी झाडाचें स्वतःचेंच बीं पिशवींत शिरतें. प्रमाणित संकरित सरकींत शेंकडा निदान ९० दाणे खरे असावेत असा दंडक आहे. परंतु बीं पेरून, झाड वाढवून खात्री करावयाची तर हंगाम जातो.

प्रत्येक वाणाच्या बियांत कांहीं प्रथिनें त्याच्या वंशपरत्वें ठरलेलीं असतात. संकरित दाण्यांत आई व बाप या दोघांचींही खूण असलेलीं प्रथिनें सांपडतात; स्वपरागित दाण्यांत केवळ आईचीं. हीं प्रथिनें विजेच्या ओढीनें एकमेकांपासून दूर करणें यासच इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. स्वीडनच्या टिसेलियस यांनीं १९३७ सालीं हें कार्य द्रवांत करून दाखविलें व १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९५५ सालीं स्मिथीज यांनीं बटाट्याच्या पिठाची खळ घट्ट करून तींत प्रथिनें चालविलीं. ही युक्ति त्यांस आई कपड्यांस खळ देत असे त्या आठवणीवरून सुचली. पुढें खळीच्या जागीं पॉलिअॅक्रिलामाइडचा पारदर्शक थर आला. हा थर बारीक छिद्रांच्या चाळणीसारखा असतो.

आज सर्वांत रूढ असलेली रीत लेमली यांनीं १९७० सालीं मांडली. तींत एसडीएस नांवाचा साबणासारखा पदार्थ प्रथिनावर चढवितात. त्यामुळें प्रथिनाची घडी उलगडते, त्याचा मूळचा विद्युत्भार झांकला जातो व निवाडा केवळ आकारमानावर होतो. लहान पुढें पळतें, मोठें मागें राहतें. नंतर रंग दिला कीं पट्टे दिसतात.

अडचण येथेंच उद्भवते. दोन वाणांचीं प्रथिनें भिन्न असूनही आकारमानानें सारखीं असलीं तर पट्टा एकच पडतो. तलाठ्याच्या दप्तरांत एका नांवाचे दोन खातेदार असले म्हणजे नुसत्या नांवावरून निवाडा होत नाहीं. बापाचें नांव व भूमापन क्रमांक पाहावा लागतो. तसेंच येथेंही दुसरें लक्षण शोधावें लागतें. त्याकरितां पुढील रीती आहेत.

पहिली, एसडीएस न घालतां प्रथिन मूळ घडींतच चालविणें. यांत भार, घडण व आकारमान हीं तिन्हीं लक्षणें एकत्र काम करतात.

दुसरी, जेलांत एका टोंकाकडून दुसऱ्याकडे आम्लता क्रमानें बदलत ठेवणें. ज्या ठिकाणीं प्रथिनाचा भार शून्य होतो तेथें तें थांबतें. १९७५ सालीं ओफॅरल यांनीं प्रथम ही रीत व मग आडव्या दिशेनें आकारमानाची रीत अशीं दोन्हीं जोडून शेंकडों प्रथिनें एका जेलावर वेगळीं केलीं.

तिसरी, आम्ल जेलाची. गव्हाचें ग्लायडिन पाण्यांत विरघळत नाहीं, मद्यार्कमिश्रित पाण्यांत विरघळतें. तें आम्ल जेलांत चालविल्यास वाणावाणांतील फरक उत्तम उमटतो.

अगदीं लहान प्रथिनें नेहमींच्या जेलांत एकवटतात, त्यांकरितां शेगर व फॉन यागोव यांनीं १९८७ सालीं ट्रायसिन वापरण्याची रीत दिली. पेशींच्या पापुद्र्यांतील स्निग्ध प्रथिनें दुसऱ्या रीतींत साकळून बसतात. त्यांकरितां त्याच दोघांनीं १९९१ सालीं निळ्या रंगाचा भार चढवून मूळ घडी राखण्याची रीत काढली.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेनें सर्व पिकांस एकच रीत लावलेली नाहीं : गहूं व जव यांस आम्ल जेल, वाटाण्यास एसडीएस, मका व सूर्यफूल यांस शून्य भाराची रीत. सरकींत आणखी एक विघ्न आहे. तिच्यांतील तेल व गॉसिपोल आधीं काढून टाकावीं लागतात, नाहींतर पट्टे पुसट येतात.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. मातापित्यांचे पट्टे भिन्न नसतील तर कोणतेंही जेल निर्णय देऊं शकत नाहीं; अशा वेळीं डीएनएची परीक्षा अधिक नेमकी ठरते व आज तीच वाढत आहे. २००२ सालीं परवानगी मिळालेल्या बीटी कापसांतील क्राय१एसी प्रथिन तर इतकें अल्प असतें कीं इतर पट्ट्यांच्या गर्दींत तें हरवतें. त्यास प्रतिपिंडांच्या साहाय्यानें ओळखणाऱ्या पट्ट्या लागतात. नागपुरास वर्धा मार्गावर असलेल्या, १९७६ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें अशीं साधनें सिद्ध केलीं आहेत.

शेतकऱ्यानें जेल शिकण्याची आवश्यकता नाहीं. परंतु परीक्षेस दाणाच लागतो. पेरून संपलेल्या पिशवीची परीक्षा होत नाहीं. यास्तव पावती, पिशवी व तिच्यावरील चिठ्ठी जपून ठेवावी, आणि पेरणीपूर्वीं मूठभर सरकी कोरड्या डब्यांत निराळी काढावी. हुडकेश्वरच्या त्या बंधूपाशीं पावती होती, दाणा मात्र एकही उरला नव्हता.