बिनखमिराची म्हणून भाकरी मत्झा होत नाही

सेमाडोहला सिपना नदीच्या काठी कोदो-कुटकी शिजते, चुलीवर ज्वारीची भाकरी होते. खमीर कशातच नाही. त्यामुळे यहुद्यांच्या वल्हांडणात, म्हणजे पेसाखला, खाल्ली जाणारी मत्झा आपल्या भाकरीचीच बहीण असणार, असं अनेकांना वाटतं.

तसं नाही. परंपरेने मत्झा गहू, सातू, राय, ओट आणि स्पेल्ट या पाचच धान्यांची होते. जे पीठ पाणी लागून आंबू शकतं, म्हणजे ‘हामेत्स’ होऊ शकतं, तेच आंबण्याआधी भाजायचं, हा त्यामागचा विचार. तांदूळ-ज्वारीचं भिजवलेलं पीठ तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या हिशेबाने आंबत नाही, नासतं. ज्याच्यात आंबण्याचा धोकाच नाही, त्याची मत्झाही नाही. मला या नियमाचं सगळं सौंदर्य इथेच दिसतं.

मग गव्हाची पोळी तरी? तीही नाही. आपण कणीक भिजवून अर्धा तास मुरू देतो. मत्झाला पीठ-पाणी एकत्र झाल्यापासून भट्टीपर्यंत 18 मिनिटं मिळतात, आणि कणीक त्या वेळात हाताखालीच राहावी लागते. पाणीही रात्रभर ठेवून गार झालेलं लागतं. आपल्याकडे टम्म फुगलेल्या फुलक्याचं कौतुक होतं. मत्झाला फुगू नये म्हणून भोकं पाडतात, आणि युरोपीय परंपरेच्या अश्केनाझी यहुदी घरांत फुगलेली मत्झा बाजूला काढतात.

‘गहू इस्रायलचाच हवा’ हाही गैरसमज. लोकवन असो की बन्सी, धर्माच्या दृष्टीने दोन्ही गहूच. प्रश्न वाणाचा नसून पाण्याचा आहे, आणि तो वऱ्हाडी शेतकऱ्याला चटकन कळेल. फाल्गुनात अवकाळी पाऊस कापलेल्या पेंढ्यांवर पडला की दाण्याला कोंब फुटतो, आणि बाजारात भाव पडतो. मत्झासाठी असा दाणा हामेत्स ठरतो. झाड हिरवं असून जमिनीतून रस ओढतंय तोवर पावसाची भीती नाही. पण पूर्ण वाळलं की उभं पीकही कापल्यासारखंच धरतात. म्हणून काटेकोर ‘श्मुरा’ मत्झाचा गहू पूर्ण वाळण्याच्या थोडा आधी, दव उडाल्यावर कापतात आणि तिथूनच त्याच्यावर लक्ष ठेवतात. फार हिरवा कापला तर ओलाव्याने साठवणीत बिघडतो, फार उशीर केला तर पावसाची टांगती तलवार. एखादा कोंब दिसला म्हणून अख्खं पोतं मात्र बाद होत नाही. असे दाणे निवडून काढतात, किंवा चांगला गहू त्यांच्या साठपट असेल तर चालवून घेतात.

आणखी एक समज असा की ताजा गहू सर्वात शुद्ध. आपला गहू नेमका पेसाखच्या तोंडावर निघतो, पण पेसाख ज्यात येतो त्या निसान महिन्याची 16 तारीख उलटेपर्यंत नवं धान्य खाऊ नये असा जुना नियम आहे. इस्रायलबाहेर तो किती लागू, यावर मतभेद आहेत. सहसा मत्झा आदल्या हंगामाच्या गव्हाचीच असते.

‘महाराष्ट्रात हे कुणी पाळलंच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी कोकणातल्या बेने इस्रायलांकडे पाहावं. इतर यहुद्यांशी जवळचा संपर्क येण्याआधीही ते आंबट द्रवाचं भांडं आठ दिवस झाकून ‘अनाशी ढाकाचा सण’ पाळत. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी याची नोंद केली. त्यांचं पुस्तक 1937 मध्ये छापलं गेलं. भाताच्या मुलखात, ग्रंथ हाताशी नसताना आंबण्याचा विधिनिषेध त्यांनी जपला, याचं मला फार मोल वाटतं.

शेवटचा गैरसमज दळणाचा. दुकानातलं पांढरंशुभ्र पीठ स्वच्छ दिसतं, पण मोठ्या गिरण्यांत दळण्याआधी गहू पाण्याने ओलवतात. आपल्याकडेही धुऊन वाळवून दळायची रीत आहे. मत्झासाठी ही दोन्ही पिठं निकामी. गहू न धुता, कोरडाच दळायचा. जातं किंवा चक्की आधी नीट साफ करायची. आणि पीठ गरम असताना भिजवायचं नाही, निदान एक दिवस निवू द्यायचं.