किती जणांना विचारलं, आणि कोण सुटलं?

११ मार्च २०२० रोजी नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. त्यानंतर शहरातल्या दारांवर प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतच राहिलं. ताप आहे का, बाहेरगावाहून कोणी आलंय का, लस घेतली का? मोबाइलवर लिंका आल्या, व्हॉट्सॲपवर कौल मागितले गेले. यातलं मोजमाप कोणतं आणि नुसता गलका कोणता, हे ओळखणं साथीच्या काळात फार गरजेचं असतं, कारण लोकांच्या मनाचा अंदाज चुकला की चांगली योजनाही दारातूनच परत येते. सर्वेक्षणांबद्दलचे काही गैरसमज म्हणूनच तपासून पाहू.

गैरसमज १ : घरोघरची तपासणी, सिरो सर्वेक्षण, जनमत चाचणी, सगळं एकच.

वस्तुस्थिती : तिन्हींची कामं वेगळी आहेत. राज्यात १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. पथकं घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत, मधुमेह-रक्तदाबासारखे आजार नोंदवत. रुग्ण लवकर शोधणं हा तिचा हेतू, म्हणून शक्य तितक्या प्रत्येक घरी जाणं भाग होतं. सिरो सर्वेक्षणात रक्तातली प्रतिपिंडं तपासतात आणि किती जणांना संसर्ग होऊन गेला याचा अंदाज बांधतात. नागपूर जिल्ह्यात २०२० मध्ये झालेल्या अशा सर्वेक्षणात शहरातल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत प्रतिपिंडं सापडली, ग्रामीण भागात सुमारे पाचव्या हिश्श्यात.

पण चाचणीला माणूस का घाबरतो, लसीबद्दल तो कोणाचं ऐकतो, हे रक्ताच्या थेंबात दिसत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं. जनमत सर्वेक्षण त्यासाठी असतं.

गैरसमज २ : २४ लाखांच्या शहरात हजार जणांना विचारून काय कळणार?

वस्तुस्थिती : शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरात रोज होते. पातेलं लहान असो की लग्नातलं मोठं, शितं तेवढीच लागतात. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. त्यातून हजार जण खरोखर यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी देऊन घेतले, तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा उत्तर खऱ्या आकड्यापासून तीन टक्क्यांच्या आत येतं. साऱ्या महाराष्ट्रासाठीही हजारच जण घेतले तरी अचूकता जवळपास तेवढीच राहते.

या शास्त्रात आपला माणूस जागतिक कीर्तीचा होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी नमुना सर्वेक्षणांचं तंत्र देशातल्या पिकांच्या मोजणीत रुजवलं, आणि १९५४ साली आलेला त्यांचा नमुना सर्वेक्षणावरचा ग्रंथ अनेक देशांत अभ्यासला गेला.

थोड्या जणांना विचारून भागण्याची अट एकच. शितं पातेल्यात सगळीकडून घ्यायला हवीत. वरवरची घेतली तर तळाशी लागलेलं कळत नाही.

गैरसमज ३ : लाखो लोकांनी उत्तरं दिली, म्हणजे निष्कर्ष पक्का.

वस्तुस्थिती : या समजुतीला कोरोनाकाळातच मोठा धक्का बसला. अमेरिकेत फेसबुकच्या माध्यमातून कार्नेगी मेलन विद्यापीठाचं एक सर्वेक्षण चाले. आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं येत. मे २०२१ मध्ये त्याने लसीचा पहिला डोस घेतलेल्यांचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा १७ टक्केबिंदूंनी जास्त दाखवलं. त्याच काळात जेमतेम हजार जणांचं, पण काळजीपूर्वक निवडलेलं दुसरं सर्वेक्षण खऱ्या आकड्याच्या जवळ होतं. ‘नेचर’मध्ये डिसेंबर २०२१ ला ही तुलना प्रसिद्ध झाली. मोठ्या सर्वेक्षणात कमी शिकलेली माणसं कमी पडली होती, आणि उत्तरांचा ढीग वाढल्याने ती उणीव भरून निघाली नाही.

हे आपल्याकडे लावून पाहा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सुमारे ३८ टक्के स्त्रियांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हे प्रमाण ६१ टक्क्यांच्या आसपास होतं. मग लिंकवरच्या कौलात धरमपेठेतला पदवीधर सहज येतो. धुणीभांडी करणारी बाई, हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर गेलेला कामगार सुटतो. त्या निकालाला ‘नागपूरकरांचं मत’ म्हणणं चुकीचं आहे.

गैरसमज ४ : विचारलं की लोक खरं ते सांगतात.

वस्तुस्थिती : ग्रामीण केनियातल्या एका अभ्यासात फोनवर फक्त १२ टक्के लोकांनी बाहेर मास्क लावत नसल्याचं कबूल केलं. प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा सुमारे ९० टक्के विनामास्क होते. चारचौघांत शोभेल तेच बोलण्याकडे माणसाचा कल असतो. म्हणून जाणकार सर्वेक्षक ‘तुम्ही मास्क वापरता का?’ असं विचारत नाही. ‘काल बाहेर गेलात तेव्हा मास्क होता का?’ असं विचारतो आणि जमेल तिथे निरीक्षणाची जोड देतो.

दुसरं कारण भीती. एप्रिल २०२० मध्ये नागपुरातल्या सतरंजीपुऱ्यातून रुग्णांच्या संपर्कातल्या शेकडो लोकांना विलगीकरणात नेलं गेलं. साथ रोखण्यासाठी ते केलं असलं, तरी शेजारचं कुटुंब गाडीत बसून जाताना ज्याने पाहिलं, तो पुढच्या प्रश्नाला जपूनच उत्तर देईल. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये घरझडत्यांनी जो अविश्वास निर्माण केला, तो इतिहास आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून मत विचारणारा आणि विलगीकरणात नेणारा वेगळा असावा, नाव नोंदवू नये, आणि नाव नोंदवत नाही हे आधीच सांगावं.

गैरसमज ५ : एकदा विचारलं की मत कळलं.

वस्तुस्थिती : एकदा ताप मोजून डॉक्टर निदान करत नाहीत, तक्ता पाहतात. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हाचं वातावरण, १५ मार्चला नागपुरात पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हाचं, आणि एप्रिलमध्ये खाटांसाठी धावपळ चालली तेव्हाचं, तिन्ही वेगळी. जानेवारीतलं ‘थांबून बघू’ एप्रिलमध्ये टिकेलच असं नाही. जर्मनीत एरफुर्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी मार्च २०२० पासून ठरावीक अंतराने तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले ते यासाठीच. मात्र हजार जणांच्या नमुन्यात ५२ चे ५४ टक्के झाले, तर तेवढ्यावरून ‘विश्वास वाढला’ म्हणता येत नाही. तो फरक निवडीतल्या योगायोगाचाही असू शकतो.

गैरसमज ६ : बहुमत कळलं की त्याप्रमाणे उपाय ठरवायचे.

वस्तुस्थिती : लस सुरक्षित आहे की नाही, हे मतदानाने ठरत नाही. तो उपाय लोकांपर्यंत पोचताना अडतो कुठे, एवढं सर्वेक्षण सांगतं. ‘लस घेणार नाही’ या एका उत्तरामागे किती गोष्टी असतात! कोणाला दुष्परिणामांची भीती, कोणाची मजुरी बुडते, कोणाला केंद्र लांब पडतं, कोणाकडे कागद नाहीत. भीती असेल तर ओळखीच्या डॉक्टरने बोलावं. मजुरी बुडत असेल तर केंद्र संध्याकाळी उघडं ठेवावं. मेळघाटात लसीबद्दल कोरकू भाषेतून बोलावं लागलं. नुसती ‘नाही’ची टक्केवारी छापली, तर यातलं काहीच सुचत नाही आणि दोष मात्र लोकांच्या माथी येतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या सर्वेक्षणाची बातमी वाचाल, तेव्हा आकड्याआधी एवढं पाहा : कोणी केलं, कधी केलं, माणसं कशी निवडली, प्रश्नाचे नेमके शब्द काय होते, आणि कोण सुटलं?

चांगल्या सर्वेक्षणाचा एक साधा नियम आहे. निवडलेलं घर बंद मिळालं, तर शेजारचं उघडं दार गाठून अर्ज भरायचा नाही. संध्याकाळी, रविवारी, पुन्हा त्याच दारावर जायचं. साथीत सर्वांत जास्त सोसणारा माणूस पुष्कळदा त्या बंद दाराआडचाच असतो : दिवसभर कामावर गेलेला, आजारी पडलेला, किंवा आतून कडी लावून घाबरून बसलेला.