हरणाऱ्याचा पुढचा सामना

भातकापणी आटोपली, मळणी झाली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या आणि खाचरांतली ओल सुकली, की महाड आणि पोलादपूर तालुक्यांत क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. सावित्रीच्या खोऱ्यात सपाट जमीन थोडी. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत तर ती जवळजवळ नाहीच. म्हणून दोन-तीन खाचरांमधले बांध तासून मैदान केले जाते, मधला पट्टा चोपून खेळपट्टी होते आणि टेनिसच्या चेंडूवर थोड्या षटकांचे सामने रंगतात. ध्वनिक्षेपकावरून समालोचन चालते. ग्रामदैवताच्या नावाचा करंडक आणि मुंबईकर मंडळाने दिलेले रोख बक्षीस टेबलावर मांडलेले असते. मुंबईत नोकरीस असलेली गावची मुले शनिवारी रात्रीची एस. टी. पकडून या सामन्यांसाठी येतात. त्यांपैकी निम्म्यांच्या वाट्याला एकच सामना येतो. पहिल्याच फेरीत संघ हरला की त्याची स्पर्धा संपली. दुपारी जेवून मंडळी परतीच्या गाडीची वाट पाहू लागतात.

ही बाद पद्धत. ती झटपट आहे, चुरशीची आहे आणि स्वस्तही आहे. तिच्यात दोष एवढाच, की ज्या संघाला सामन्यांची गरज सर्वांत अधिक त्यालाच ते सर्वांत कमी मिळतात, आणि जो आधीच तयार आहे त्याला सर्वांत अधिक. भांडवल असलेल्याच्याच घरी भांडवल जावे, तसा हा प्रकार. गावच्या मैदानावरचा हा दोष जागतिक क्रिकेटलाही दीर्घकाळ जडलेला होता आणि तेथे त्यावर एक उपाय करून पाहण्यात आला. त्या उपायाची हकिकत महाड-पोलादपूरच्या क्रीडा-कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखी आहे.

पुण्यातला पराक्रम

२९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर विश्वचषक स्पर्धेतला एक सामना झाला. केनियाचा संघ १६६ धावांत गुंडाळला गेला, तेव्हा सामना एकतर्फी होणार असे सर्वांनीच गृहीत धरले होते. तो एकतर्फी झाला खरा, पण उलट्या बाजूने. वेस्ट इंडीजचा सारा संघ ९३ धावांत बाद झाला. क्रिकेटच्या इतिहासातील अत्यंत अनपेक्षित निकालांपैकी एक निकाल महाराष्ट्राच्या भूमीवर लागला.

सात वर्षांनी, २००३ च्या विश्वचषकात, याच केनियाने उपांत्य फेरी गाठली. त्या वेळी संघाचे प्रशिक्षक होते मुंबईचे संदीप पाटील. न्यूझीलंडने सुरक्षिततेच्या कारणावरून नैरोबीला जाण्याचे नाकारले आणि ते गुण केनियाला आपसूक मिळाले, हे खरे. पण श्रीलंकेला त्यांनी मैदानात हरवले होते, हेही तितकेच खरे. दरबानच्या उपांत्य सामन्यात भारताने त्यांना रोखले. केनिया आता कसोटी खेळणाऱ्या देशांच्या पंक्तीत बसणार, असे त्या दिवसांत बोलले जात होते.

तसे झाले नाही. पुढील काही वर्षांत मोठ्या संघांनी केनियाशी सामने ठेवणे जवळजवळ थांबवले. मंडळात गैरव्यवहाराचे आरोप झाले, मानधनावरून खेळाडूंनी संप केले. जुनी पिढी थकली आणि तिची जागा घेणाऱ्या मुलांना मोठ्या सामन्यांचा अनुभवच मिळाला नाही. २०१४ साली केनियाने एकदिवसीय सामन्यांचा आंतरराष्ट्रीय दर्जाही गमावला. एका दिवसाच्या पराक्रमाने देशाचे नाव होते; त्या नावावर दहा वर्षे खेळता येत नाही, हा केनियाचा धडा आहे.

शिडीची किमया

उदयोन्मुख देशांसाठी पात्रतेची सोय पूर्वीही होती. १९७९ साली इंग्लंडमध्ये पहिली 'आयसीसी ट्रॉफी' स्पर्धा झाली आणि ती जिंकणाऱ्या श्रीलंकेने त्याच वर्षीच्या विश्वचषकात भारताला हरवले. दोन वर्षांत श्रीलंकेला कसोटी दर्जा मिळाला आणि १९९६ मध्ये तो देश जगज्जेता झाला. परंतु ही पात्रता स्पर्धा तीन-चार वर्षांतून एकदा भरे. पंधरवड्यात दोन सामने वाईट गेले, तर पुढच्या संधीसाठी एवढा काळ हात बांधून बसावे लागे.

२००७ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने 'जागतिक क्रिकेट लीग' सुरू केली, ती या उणिवेवर उपाय म्हणून. देशांची प्रतवारी करून विभाग पाडले गेले. वर आलेल्यांना वरचा विभाग, तळाला गेलेल्यांना खालचा. कोणत्याही पायरीवरच्या देशाला आपल्या तोलाचे प्रतिस्पर्धी मिळू लागले आणि पुढची पायरी कोणती हे आधीच ठाऊक असू लागले.

या शिडीने काय साधले, याचे उत्तर अफगाणिस्तान. मे २००८ मध्ये जर्सी बेटावर पाचव्या विभागाची स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात ८० धावांवर बाद झालेल्या यजमानांचा पाठलाग करताना अफगाण संघाचे आठ गडी बाद झाले होते. कसाबसा विजय मिळाला. त्याच वर्षी टांझानियात चौथा विभाग, २००९ च्या आरंभी अर्जेंटिनात तिसरा विभाग, आणि त्याच वर्षी एकदिवसीय दर्जा. २०१५ मध्ये तो देश विश्वचषकात खेळला. जून २०१७ मध्ये त्याला कसोटी दर्जा मिळाला, तेव्हा मुंबईचे लालचंद राजपूत त्याचे प्रशिक्षक होते. २०२३ च्या विश्वचषकात त्याने इंग्लंड आणि पाकिस्तानला हरवले, आणि २०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली. युद्धाने पोळलेल्या देशाने सोळा वर्षांत एवढी मजल मारली, यात गुणवत्तेचा वाटा मोठा आहेच. पण प्रत्येक पायरीवर पुढचा सामना ठरलेला होता, हेही विसरून चालणार नाही.

२०१९ मध्ये या शिडीचा वरचा भाग नव्याने बांधला गेला. 'विश्वचषक लीग दोन' या नावाने सात देशांची साखळी सुरू झाली. तीन-तीन देशांच्या २१ मालिका, एकूण १२६ सामने, म्हणजे प्रत्येक देशाच्या वाट्याला ३६. नेपाळची गोष्ट या आकड्यांचा अर्थ सांगते. बराच काळ तळाशी असलेल्या या संघाने शेवटच्या बारा सामन्यांपैकी अकरा जिंकले आणि १६ मार्च २०२३ रोजी, कीर्तिपूरच्या डोंगरउतारावर जमलेल्या अलोट गर्दीसमोर संयुक्त अरब अमिरातीला हरवून तिसरे स्थान मिळवले. बाद पद्धत असती तर नेपाळ कधीच घरी गेला असता. साखळीत हरणाऱ्यालाही पुढचा सामना असतो. नेपाळने तो वापरला.

रुंद वाट, अरुंद दार

मात्र परिषदेची प्रशंसा येथेच थांबवावी लागेल. वाट रुंद करताना तिने दार अरुंद केले. २००७ च्या विश्वचषकात सोळा संघ होते, २०११ आणि २०१५ मध्ये चौदा, तर २०१९ आणि २०२३ मध्ये अवघे दहा. मार्च २०१८ मध्ये हरारे येथे स्कॉटलंड वेस्ट इंडीजकडून पाच धावांनी, तेही पावसाच्या हिशेबाने, हरला आणि विश्वचषकाला मुकला. त्या सामन्यात एका स्कॉटिश फलंदाजाला पायचीत दिल्याचा निर्णय वादग्रस्त ठरला. पण पंचांच्या निर्णयाच्या फेरतपासणीची जी सोय मोठ्या स्पर्धांत असते, ती या पात्रता स्पर्धेत नव्हती. २०२७ मध्ये पुन्हा चौदा संघ खेळवण्याचे ठरले, ही चूक मान्य केल्याची खूणच म्हणायची. त्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या साखळीत आठ देश आणि १४४ सामने ठेवले गेले.

पैशाच्या वाटपातही हीच वृत्ती दिसते. २०२४ ते २०२७ या काळासाठी प्रसिद्ध झालेल्या सूत्रानुसार परिषदेच्या वाटायच्या उत्पन्नातून सुमारे ३८ टक्के एकट्या भारताकडे जातात आणि नव्वदहून अधिक सहसदस्य देशांना मिळून सुमारे ११ टक्के उरतात. उत्पन्नाचा मोठा भाग भारतीय प्रेक्षकामुळे येतो, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण भारतीय चाहत्याने थोडे मागे वळून पाहावे. १९८३ पूर्वी भारताने विश्वचषकात सहा सामने खेळून एकच जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. त्या वेळी 'एकतर्फी सामने नकोत' असा निकष लावला असता, तर पहिला बळी कदाचित भारताचाच गेला असता. ज्या झिंबाब्वेने १९८३ मध्ये भारताची अवस्था ५ बाद १७ अशी केली आणि कपिल देवला नाबाद १७५ धावांची खेळी करायला लावली, तो संघही आदल्या वर्षीच्या पात्रता स्पर्धेतूनच आला होता.

कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष प्रवेश यांतले अंतर महाडला कोणी शिकवावे लागत नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठरावही केला. तरीही चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तेथवर चालत जावे लागले. माणुसकीच्या त्या लढ्याशी खेळाची बरोबरी करणे औचित्याला सोडून होईल. पण 'सर्वांना खुले' एवढे लिहिल्याने काही खुले होत नाही, ही जाण या गावाला आहे, आणि तिचा उपयोग लहान प्रश्नांतही व्हायला हरकत नाही.

गुणवत्ता कोठे जाते?

शिडी नसली की गुणवत्ता नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या गावी जाते. वसईचा स्वप्निल पाटील नोकरीसाठी आखातात गेला आणि २०१५ च्या विश्वचषकात संयुक्त अरब अमिरातीचा यष्टिरक्षक म्हणून खेळला. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर भारताकडून २०१० चा युवा विश्वचषक खेळला, मुंबईकडून एक रणजी सामना खेळला आणि मग उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेला. २०१९ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली अमेरिकेने जागतिक लीगच्या दुसऱ्या विभागातून एकदिवसीय दर्जा मिळवला. जून २०२४ मध्ये संगणक अभियंत्याच्या नोकरीतून रजा घेऊन त्याने डॅलसला पाकिस्तानविरुद्धचे निर्णायक षटक टाकले. मुंबईच्या गर्दीत ज्याला जागा मिळाली नाही, त्याला उदयोन्मुख देशांच्या साखळीने दिली.

याच अमेरिकेच्या क्रिकेट मंडळाचे सदस्यत्व सप्टेंबर २०२५ मध्ये कारभारातील दोषांमुळे निलंबित झाले, हेही येथेच नोंदवले पाहिजे. खेळाडू घडतो मैदानावर. पण मैदान टिकते ते हिशेबाच्या वहीवर.

खाचरातली साखळी

महाड-पोलादपूरच्या वाट्याला वसई-मुंबईइतकीही सोय नाही. चार महिने कोसळणारा पाऊस, जुलै २०२१ च्या महापुरासारखी संकटे आणि पोटासाठी मुंबईची वाट यांतून उरलेल्या वेळात येथे क्रिकेट होते. मोठ्या मैदानाची, प्रशिक्षण केंद्राची मागणी रास्त आहे आणि ती होत राहावी. पण एक सुधारणा अशी आहे, की जिच्यासाठी मंत्रालयाकडे पाहावे लागत नाही.

हिशेब साधा आहे. ३२ संघांची बाद स्पर्धा ३१ सामन्यांत संपते. त्यांपैकी १६ संघ एकच सामना खेळून घरी जातात आणि आणखी आठ दोन सामने खेळून. त्याच ३२ संघांचे आठ-आठांचे चार गट करून साखळी खेळवली, तर ११२ सामने होतात आणि प्रत्येक संघाला सात सामने हमखास मिळतात. चार ठिकाणच्या मैदानांवर दर रविवारी दोन-दोन सामने घेतले, तर चौदा रविवारांत साखळी पुरी होते. पौषात सुरुवात केली तरी वळवाच्या आधी अंतिम सामना उरकतो. गटातले पहिले दोन पुढच्या वर्षी वरच्या गटात, शेवटचे दोन खालच्या गटात, एवढा नियम केला की शिडी तयार झाली.

अडचणी आहेत. मुंबईच्या मुलांना दर आठवड्याला येणे परवडणार नाही. त्यामुळे संघ गावात राहणाऱ्या मुलांवरच उभे करावे लागतील. काहींना ते पडते घेणे वाटेल, पण आज पाहुण्या खेळाडूंमागे बाहेर बसणाऱ्या शाळकरी मुलांना त्यातूनच संधी मिळेल. बक्षिसाची रक्कम कमी करून ती चेंडू, मॅटिंग आणि पंचांच्या मानधनावर खर्चावी लागेल. एका संघाच्या खिशात जाणारा पैसा मग ३२ संघांच्या उपयोगी पडेल. वरच्या गटाचे काही सामने चामड्याच्या चेंडूवर घेतले, तर जिल्ह्याच्या निवड चाचणीला जाणारा मुलगा तेथे प्रथमच तो चेंडू हाताळत आहे, असे होणार नाही.

यातून उद्या कोणी भारताकडून खेळेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. देण्यासारखे आश्वासन लहान आहे. आज पहिल्या फेरीत हरलेली मुले दुपारी गाडीत बसतात, तेव्हा त्यांचे वर्ष संपलेले असते. साखळीत हरलेली मुले गाडीत बसतील, तेव्हा पुढच्या रविवारी सामना कोणाशी आणि सलामीला कोणाला पाठवायचे, याची चर्चा करतील.