अर्धशिशीच्या झटक्यातील औषधे : उपयोग आणि विवेक

सात रस्त्याच्या चौकातून आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या रुग्णांमध्ये अर्धशिशीचे रुग्ण चटकन ओळखू येतात. डोळ्यांवर पदर किंवा रुमाल ओढलेला असतो, प्रकाश आणि आवाज सहन होत नाही आणि सोबत आलेल्या नातेवाइकाच्या हातात अर्धवट संपलेली गोळ्यांची पट्टी असते. त्या पट्टीविषयी चार शब्द सांगावेत, या हेतूने हा लेख आम्ही या अहवालात समाविष्ट करीत आहोत.

एका भगिनीचा अनुभव येथे नमूद करणे उचित वाटते. घरी यंत्रमागाचे काम, पहाटेपासून रात्रीपर्यंत खडखडाट, जेवणाची वेळ अनिश्चित. महिन्यातून दोनतीनदा डोके दुखत असे. कोणे एके काळी एका डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीने आराम पडला. पुढे तीच गोळी चिठ्ठीशिवाय दुकानातून येऊ लागली. दोन वर्षांनी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचे डोके जवळजवळ रोज दुखत होते आणि त्या जवळजवळ रोज गोळी घेत होत्या. "गोळी घेतली नाही तर दुखते," असे त्या म्हणाल्या. गोळी घेतल्यामुळेच दुखते आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

आजाराचे स्वरूप

अर्धशिशी म्हणजे केवळ तीव्र डोकेदुखी नव्हे. हा मेंदूचा, बहुधा आनुवंशिक कल असलेला विकार आहे. झटक्याच्या वेळी चेहऱ्याच्या व मस्तकाच्या संवेदना वाहून नेणारी मज्जातंतूंची यंत्रणा उद्दीपित होते, मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांभोवती वेदनाकारक रसायने स्रवतात आणि ठणका सुरू होतो. काही रुग्णांना त्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकू शकतो.

या काळात जठराची हालचालही मंदावते. त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते अथवा उलटीवाटे बाहेर पडते. गोळी झटक्याच्या प्रारंभीच घ्यावी, असे डॉक्टर सांगतात त्याचे हे कारण आहे. मळमळ थांबविणारे औषध सोबत दिले जाते, तेही याच हेतूने.

औषधांचे तीन गट

पहिला गट साध्या वेदनाशामकांचा : पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन इत्यादी. सौम्य व मध्यम झटक्यास ती अनेकदा पुरेशी ठरतात. मात्र पॅरासिटामॉल सर्दी-तापाच्या कित्येक मिश्र गोळ्यांतही असते. नकळत दुप्पट मात्रा जाऊन यकृतास इजा होऊ शकते. आयबुप्रोफेन वर्गातील औषधे उपाशीपोटी घेऊ नयेत. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, डेंग्यूचा संशय किंवा गर्भारपण असल्यास ती डॉक्टरांना विचारल्याविना मुळीच घेऊ नयेत.

दुसरा गट अर्गोटामाइनचा. या औषधाचा इतिहास आपल्या जिल्ह्यातील शेतकरी बांधवांना जवळचा वाटेल. बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट रोग त्यांना ठाऊक आहे. पेरणीपूर्वी बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारे रोगट दाणे काढून टाकण्याची शिफारस त्यासाठीच आहे. अरगटग्रस्त बाजरी खाण्यात आल्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात विषबाधेची साथ आल्याची नोंद १९५८ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. युरोपात राय या धान्यावर याच कुळातील बुरशी पडते. तिची विषद्रव्ये बाजरीवरील बुरशीहून वेगळी असून ती रक्तवाहिन्या इतक्या आकुंचित करतात, की मध्ययुगात तेथे माणसांची बोटे काळी पडून गळत असत. त्याच बुरशीतून १९१८ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ आर्थर स्टोल यांनी अर्गोटामाइन वेगळे केले आणि ते पुढे अर्धशिशीवर वापरात आले. विष आणि औषध यांतील अंतर मात्रेचे असते, ते असे.

आपल्याकडे अर्गोटामाइन बहुधा कॅफिन, पॅरासिटामॉल आदींसह मिश्र गोळीच्या रूपात मिळते. हृदयविकार, उच्च रक्तदाब, हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांनी व गर्भवतींनी ते घेऊ नये. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके, बुरशीवरील काही गोळ्या व एचआयव्हीवरील काही औषधे चालू असताना ते घेतल्यास रक्तातील त्याचे प्रमाण वाढून हातापायांचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. घसा दुखतो म्हणून एका डॉक्टरांकडे आणि डोके दुखते म्हणून दुसऱ्यांकडे जाणाऱ्या रुग्णाने दोन्ही चिठ्ठ्या दोघांना दाखविल्याच पाहिजेत.

तिसरा गट ट्रिप्टान औषधांचा. यांतील पहिले, सुमाट्रिप्टान, १९९१ साली वापरात आले. ही औषधे खास अर्धशिशीसाठीच घडविलेली असून वेदनाकारक रसायनांचा स्राव रोखतात. ठणका सुरू होताच एक गोळी घ्यावयाची असते. आराम पडून पुन्हा दुखू लागल्यास किमान दोन तासांनी, चिठ्ठीत लिहिलेल्या मर्यादेतच दुसरी घेता येते. पहिल्या गोळीचा काहीच परिणाम झाला नाही, तर त्याच झटक्यात आपल्या मनाने दुसरी घेऊ नये. छातीत वा मानेत थोडा आवळल्यासारखा भास काहींना होतो व बहुधा तो लवकर ओसरतो. न ओसरल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांना ही औषधे वर्ज्य आहेत. अर्गोटामाइन व ट्रिप्टान २४ तासांच्या आत एकत्र येता कामा नयेत. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या रुग्णास रिझाट्रिप्टान कमी मात्रेत द्यावे लागते आणि नैराश्यावरील काही औषधे चालू असल्यास तेही डॉक्टरांस सांगणे आवश्यक असते.

गोळीनेच होणारी डोकेदुखी

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणानुसार, तीन महिन्यांहून अधिक काळ ट्रिप्टान, अर्गोटामाइन किंवा मिश्र वेदनाशामके महिन्यातून १० वा अधिक दिवस, अथवा साधी वेदनाशामके १५ वा अधिक दिवस घेतली गेल्यास औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी जडू शकते. मेंदूची वेदनायंत्रणा अधिकाधिक संवेदनशील होते. औषधाचा अंमल उतरला की दुखणे परतते आणि रुग्ण पुन्हा गोळीकडे वळतो. म्हणून साधारणपणे आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक वेळा गोळी लागू लागली, की ती डॉक्टरांकडे जाण्याची खूण समजावी. अशा वेळी झटके कमी करणारे रोजचे प्रतिबंधक औषध देता येते. ते निवडतानाही दमा, वजन, गर्भधारणेची शक्यता यांचा विचार करावा लागतो. दमेकऱ्यास प्रोप्रॅनोलॉल चालत नाही आणि व्हॅल्प्रोएट गर्भास अत्यंत हानिकारक आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या भगिनीची जुनी गोळी आमच्या देखरेखीखाली बंद करण्यात आली. पहिला आठवडा कठीण गेला. दुखणे वाढले, उलट्या झाल्या, घरच्यांचा धीरही सुटू लागला. हा त्रास अपेक्षित असून ओसरणारा आहे, हे आधीच समजावून सांगितले होते म्हणूनच ते कुटुंब टिकून राहिले. तिसऱ्या महिन्यात त्यांना चार झटके आले. आजार गेला नाही, परंतु महिन्यातील उरलेले दिवस त्यांचे त्यांना परत मिळाले.

घरी पाळावयाच्या गोष्टी

दुधाचा हिशेब जिच्यावर लिहितो त्या भिंतीवरील दिनदर्शिकेवरच डोके दुखल्याच्या दिवशी एक खूण व गोळी घेतल्यास दुसरी खूण करावी. महिनाअखेरीस ते पान डॉक्टरांना दाखवावे. आमच्या दृष्टीने अनेक तपासण्यांहून ते पान मोलाचे ठरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये. उपवास, जागरण आणि टळलेले जेवण हे झटक्याचे नेहमीचे सोबती आहेत; कडक उपवास करणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावे. यांतील बहुतेक औषधे 'शेड्यूल एच' मध्ये मोडतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री करण्यास कायद्याने मनाई आहे. शेजाऱ्यास लागू पडलेली गोळी आपल्यासाठी सुरक्षित असेलच असे नाही. डोळ्यांपुढे रेषा दिसणाऱ्या स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी ही गोष्ट अवश्य सांगावी, कारण इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

क्षणार्धात उठलेली अतितीव्र डोकेदुखी, ताप व मान ताठणे, बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे, मार लागल्यानंतरचे दुखणे, पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेले किंवा गरोदरपणात नव्याने सुरू झालेले दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास घरी गोळी घेऊन वाट पाहू नये. रुग्णास थेट रुग्णालयात आणावे.

देणगीदार व विश्वस्त मंडळींस एवढेच निवेदन करावेसे वाटते, की अशा रुग्णाला मोठ्या यंत्रसामग्रीची क्वचितच गरज पडते. त्याला हवा असतो डॉक्टरांचा अर्धा तास, जुन्या चिठ्ठ्या शांतपणे वाचणारे कोणी तरी आणि पुन्हा येण्याइतका विश्वास.