जर-तरचे इंग्रजी

मृग नक्षत्र निघाले की आमच्या हिंगोली जिल्ह्यात प्रत्येकाच्या तोंडी एकाच घाटाची वाक्ये येऊ लागतात. "पाऊस पडला तर पेरू." "सोयाबीनला भाव आला तर पोरीचं लग्न उरकू." कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या माणसाचे आयुष्यच मुळी 'जर' आणि 'तर' यांच्या मध्ये उभे असते. व्याकरणात या रूपाला संकेतार्थ असे नाव आहे. ते नाव आमच्या शेतकऱ्याला ठाऊक नसेल. पण त्या रूपात तो कधी चुकत नाही.

आणि तरीही त्याच्या मुलाला इंग्रजीत सर्वांत अधिक छळते ते हेच वाक्य! मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. परंतु स्पर्धा परीक्षांना बसणारी मुले संध्याकाळी इंग्रजीच्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात, आणि मीही त्यांना परत पाठवत नाही. त्या वह्यांतील लाल शाई पाहता पाहता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ही मुले निष्काळजीपणाने चुकत नाहीत. ती इंग्रजी शब्दांत शुद्ध मराठी लिहीत असतात.

उदाहरणच पाहा. "मला कळले असते तर मी आलो असतो." या वाक्यात 'असते' दोन्ही अंगांना आहे, तागडीची दोन पारडी जशी समान. म्हणून विद्यार्थी लिहितो, "इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम." मराठीच्या दृष्टीने त्याचे बिनचूक आहे. पण इंग्रजीत 'वुड' फक्त 'तर'च्या बाजूला बसतो. 'जर'च्या बाजूला नुसता 'हॅड' येतो. "इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम." मी मुलांना एवढेच सांगतो, "बाबांनो, मराठीत 'असते' दोनदा वाढायचे. इंग्रजीत 'वुड' एकदाच."

दुसरा घोटाळा काळाचा. एका मुलीने विचारले, "सर, पाऊस तर उद्या पडणार, मग 'इफ इट विल रेन' का नको?" मी उलट विचारले, "तू घरी 'पाऊस पडेल तर पेरू' म्हणतेस, की 'पडला तर पेरू'?" ती हसली. उद्याच्या पावसाला आपण खुशाल भूतकाळी रूप देतो. इंग्रज त्याला वर्तमानकाळी रूप देतो. "इफ इट रेन्स, वुई विल सो." बोलताना दोघेही अटीच्या बाजूला भविष्यकाळ सहसा येऊ देत नाहीत. हे एकदा आपल्याच घरातल्या वाक्यावरून पटले की पाठांतराची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. "विहीर असती तर हळद लावली असती," असे वसमतकडचा शेतकरी म्हणतो, तेव्हा तो यंदाचे बोलतो की गेल्या साली हुकलेले, हे आपण संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीला मात्र ही मोघम भाषा चालत नाही. यंदाचे असेल तर "इफ आय हॅड अ वेल, आय वुड प्लँट टर्मरिक"; गेल्या सालचे असेल तर "इफ आय हॅड हॅड अ वेल, आय वुड हॅव प्लँटेड टर्मरिक." 'हॅड हॅड' दिसले की मुलांना ती छपाईची चूक वाटते! पण त्यातला एक 'हॅड' जवळ असण्याचा आणि दुसरा काळ मागे नेण्याचा, असे फोडून सांगितले की कोडे सुटते.

तसे पाहिले तर इंग्रजी हिंगोलीला अगदीच अपरिचित नव्हती. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट या फौजेची येथे मोठी छावणी होती. तिच्यावर इंग्रज अधिकारी असत. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानच्या इंग्रजी लष्करात विलीन झाली. परंतु छावणीतली इंग्रजी खेड्यात पोचली नाही. सरकारदरबारी उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. तेव्हा आजच्या मुलांच्या पणजोबांपैकी जे शिकले, त्यांच्या पुस्तकातला 'जर' होता 'अगर'! आणि गंमत अशी की मराठीत 'अगर' म्हणजे 'किंवा'. परक्या भाषेच्या अटींशी आमची झटापट अशी जुनी आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि पुढे राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवली जाऊ लागली.

कोणी म्हणेल, हे सारे परीक्षेतल्या दोन-चार गुणांसाठी ना? तसे नाही. सेनगाव तालुक्यातील एक मुलगा पुण्याच्या नोकरीचे पत्र घेऊन आला होता. कंपनी राहण्याचा खर्च देईल, 'प्रोव्हायडेड' त्याने सहा महिने पूर्ण केले, असे त्यात होते. त्याने 'प्रोव्हायडेड'चा अर्थ 'पुरविले जाईल' असा केला आणि वडिलांना सांगितले, "अंथरुण तेवढं द्या, खोली त्यांचीच आहे." खरा अर्थ होता 'या अटीवर की'. सहा महिन्यांचे भाडे त्याला स्वतःच भरायचे होते! अर्थ वेळेवर कळला म्हणून घरच्यांनी पैशांची तजवीज केली. 'अनलेस'चेही तसेच. त्याच्या पोटात 'नाही' आधीच दडलेला असतो. आपल्या सवयीने त्याला आणखी एक 'नॉट' जोडला की अट पार उलटी होते. ज्याला अट वाचता येत नाही, त्याने सही कशावर केली हेही त्याला कळत नाही.

म्हणून शहरातल्या पालकांनाही माझे एक सांगणे आहे. मूल इंग्रजी चुकले की "मराठीत विचार करू नकोस," असे त्याला दटावू नका. विचार तो मराठीतच करणार. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला आज कोणी हसो. पण मराठी वाक्य शेजारी मांडून इंग्रजी शिकवण्याची तिची रीत वेडगळ नव्हती. रोज जेवताना घरातले एक जर-तरचे वाक्य घ्या, दोन्ही भाषांत म्हणा आणि 'असते' कुठे गेले ते मुलालाच शोधू द्या. आपल्या भाषेचे सांधे ज्याला दिसतात, त्याला परभाषेचे सांधे जुळवणे जड जात नाही.